दिवा मंद, दोष कुणाचा?

दिवाळी सरली की दिवस झपाट्याने लहान होतो. बाजार समितीतील व्यवहार आटोपून, वसुलीचा दौरा संपवून किंवा लग्नसमारंभाहून परतणाऱ्या गाड्यांची बरीचशी वाट या दिवसांत अंधारातच सरते, आणि याच दिवसांत एक तक्रार हमखास कानी येते: ‘गाडीचे दिवे पूर्वीसारखे पडत नाहीत.’ तक्रार खरी असते. तिच्यावर बाजारात मिळणारा उपाय मात्र बहुधा खोटा असतो. सुट्या भागांच्या दुकानात गेल्यावर विक्रेता गाडीकडे न पाहताच चकचकीत वेष्टनातील पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचा बल्ब पुढे करतो, गिऱ्हाईक पैसे मोजते आणि दिवा मंद होण्याचे मूळ कारण जिथल्या तिथे राहते. एखादा हप्ता थकला म्हणून कर्जदार बुडाला असे कोणी शहाणा बँकवाला मानत नाही. तो आधी खाते उघडून पाहतो. दिव्याचेही खाते आधी उघडून पाहावे, एवढेच या वेळी सांगावयाचे आहे.

यात जोखीम किती आहे याचा हिशेब प्रथम मांडू. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच खर्ची पडतात. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर गाडी प्रत्यक्ष थांबण्यास आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण जवळजवळ ७० मीटर. सुस्थितीतील हॅलोजन दिव्याचा खालचा झोत, ज्याला आपण बोलीत डिपर म्हणतो, तो रस्त्याच्या डाव्या कडेला साधारण एवढ्याच अंतरापर्यंत उपयोगी पडतो. जमा आणि खर्च बरोबरीत. शिल्लक काहीच नाही. आता याच जमेतून तिसरा हिस्सा वजा झाला असेल आणि पुढे ऊस भरलेली, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी अशी ट्रॉली उभी असेल, तर काय होते हे गळिताच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर दरवर्षी दिसते.

प्रथम आपल्या गाडीचा दिवा कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे. गाडी बंद ठेवून समोर उभे राहावे आणि काचेतून आत पाहावे. आत घडीघडीचा मोठा चकचकीत आरसा आणि त्याच्या मध्यभागी बल्ब दिसला, तर तो रिफ्लेक्टर प्रकारचा दिवा. आत डोळ्याच्या बुबुळासारखे गोल, फुगीर भिंग दिसले तर तो प्रोजेक्टर. प्रोजेक्टरमध्ये भिंगामागे एक छोटा पडदा असतो आणि त्याच्या कडेमुळे झोताची वरची सीमा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ पडते. बल्ब कुठेच दिसत नसेल आणि नुसत्या बारीक चौकोनी ठिपक्यांतून प्रकाश येत असेल, तर तो कारखान्यातूनच बसवून आलेला एलईडी दिवा. त्यात बहुधा बदलण्याजोगा बल्ब नसतोच.

हॅलोजन बल्बांत आपल्याकडे सर्वाधिक भेटतो तो एच-४. मारुतीच्या आल्टो, वॅगनआर यांसारख्या असंख्य गाड्यांत तोच आहे. १९७१ साली युरोपात आलेल्या या बल्बाची खूण म्हणजे मागील बाजूस तीन चपट्या पट्ट्या आणि आत दोन तारा: डिपरसाठी ५५ वॉटची आणि अप्परसाठी ६० वॉटची. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा प्रकाश अडवते, आणि म्हणूनच समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जात नाही. बल्बावर ‘६०/५५’ असे छापलेले असते ते यामुळेच. ज्या गाड्यांत डिपर आणि अप्पर यांचे कप्पे वेगळे असतात, तिथे एकाच तारेचे बल्ब असतात: एच-७, एच-१, एच-११ हे ५५ वॉटचे, तर अप्परसाठी कित्येकदा ६० वॉटचा एचबी-३. यांची बैठक प्रत्येकाची निराळी असते. एकाच्या जागी दुसरा बसत नाही, आणि जोर लावून बसवलाच तर तार आपल्या नेमक्या जागी राहत नाही.

बल्ब न काढताही हे कळू शकते. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी शेवटी बल्बांचा तक्ता असतो. आपल्याकडे ती पुस्तिका विम्याच्या कागदांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडलेलीच सापडते, हा भाग वेगळा. दुसरे साधन म्हणजे खुद्द दिव्याची काच. अनेक गाड्यांच्या काचेवर बारीक इंग्रजी अक्षरे उमटवलेली असतात. त्यांतील ‘सी’ म्हणजे डिपर, ‘आर’ म्हणजे अप्पर, आणि आधी ‘डी’ असेल तर तो वायूतून वीज सोडून पेटणारा झेनॉन दिवा. ‘पीएल’ याचा अर्थ काच प्लॅस्टिकची आहे. तिथेच एखादा आडवा बाण असतो. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यास हा बाण आपल्या उजवीकडे दाखवत असेल, तर दिवा आपल्यासारख्या डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशांसाठी घडवलेला आहे. परदेशातून स्वस्तात मागवलेला किंवा भंगार बाजारातून आणलेला दिवा घेताना हा बाण अवश्य पाहावा. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी घडवलेल्या दिव्याचा झोत आपल्याकडे डाव्या कडेऐवजी समोरून येणाऱ्याच्या तोंडावर चढतो.

झेनॉन दिव्याला हात लावण्यापूर्वी एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. तो पेटविताना क्षणभर वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब निर्माण होतो. त्याचे काम जाणकार कारागिरावरच सोपवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बल्ब योग्य जातीचा आहे, जळतोही आहे, तरी उजेड का पडत नाही? हॅलोजन बल्बाचा प्रकाश विजेच्या दाबाच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो दाबाच्या साधारण साडेतीन घाताच्या प्रमाणात घसरतो. चक्रवाढ व्याजाशी आयुष्य घालवलेल्यांना याचा अर्थ लगेच उमजेल. इंजिन चालू असता बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असतील आणि बल्बापर्यंत पोहोचेतो त्यातले १२ च उरत असतील, तर दाबात घट झाली अवघी ११ टक्के. प्रकाशात मात्र सुमारे ३३ टक्के. एक तृतीयांश उजेड वाटेतच गडप होतो. बल्ब नवा आणला काय किंवा जुना राहू दिला काय, ही गळती थांबत नाही.

माझ्या परिचयातील एक धान्याचे व्यापारी लातूर ते सोलापूर असा प्रवास आठवड्यातून दोनदा करतात. गाडी दहा वर्षांची. दिवे मंद झाले म्हणून एका दुकानदाराने त्यांना १००/९० वॉटचे बल्ब घातले. ५५ वॉटच्या तारेस बारा व्होल्टांवर साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, ९० वॉटच्या तारेस साडेसात. मूळच्या बारीक तारा आणि सुकाणूजवळचा काँबिनेशन स्विच यांनी हा भार महिनाभर सोसला, मग होल्डरचे प्लॅस्टिक वितळले. होल्डर बदलून दुसऱ्या दुकानात एलईडी बल्ब बसवण्यात आले. गाडीपुढची दहा-पंधरा मीटर जागा दुधासारखी पांढरी दिसू लागली, लांबचे मात्र पूर्वीहून कमी दिसे, आणि समोरचा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारून शिव्या घालू लागला. अखेरीस एका वयस्क वायरमनने पाच मिनिटांत मल्टिमीटर लावून पाहिले: बॅटरीवर १३.९ व्होल्ट, होल्डरवर ११.९. वरील सूत्राने हिशेब केला तर उजेडाची तूट चाळीस टक्क्यांवर जाते. डाव्या दिव्याखाली, बॉडीला अर्थिंगची तार जिथे आवळली होती तो बोल्ट गंजला होता. घासून, नवी वॉशर घालून तो पुन्हा आवळला, हेडलाइटसाठी रिले बसवला आणि साधे ६०/५५ चे बल्ब पुन्हा घातले. तेव्हापासून त्यांची तक्रार नाही.

हे मोजमाप करताना एक गोष्ट विसरू नये. ते दिवा लावलेला असताना, बल्ब जोडलेला ठेवूनच, होल्डरच्या मागील बाजूने करावयाचे असते. बल्ब काढून मोजल्यास गंजलेल्या तारेतूनही पूर्ण दाब दिसतो, कारण प्रवाहच नसतो. मागणी नसेपर्यंत प्रत्येक ऋणको सधन दिसतो, तसेच हे आहे. बॅटरीच्या धन टोकापासून होल्डरपर्यंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक घट आढळली तर स्विच, रिले, फ्यूजची बैठक आणि जोड यांवर संशय घ्यावा. बॅटरीचे ऋण टोक आणि होल्डरची अर्थिंगची पट्टी यांच्यामध्ये दोन-तीन दशांश व्होल्टांहून अधिक दिसले तर दोष अर्थिंगचा. नव्या गाड्यांत दिव्यांवर संगणकीय पेटीचे नियंत्रण असते. तिथे मोजावे, पण तारा सोलून काही जोडण्याच्या भानगडीत पडू नये.

मीटर नसतानाही दिवा आपल्या वागणुकीतून बरेच काही सांगतो. एकाच बाजूचे डिपर गेले असेल तर डावा-उजवा बल्ब आपसात बदलून पाहावेत. अंधार बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूस गेला तर बल्ब दोषी. तो जिथल्या तिथे राहिला तर होल्डर, फ्यूज किंवा तार. दोन्ही बाजूंचे डिपर एकाच क्षणी गेले तर बल्बांना दोष देण्यापूर्वी फ्यूज, रिले आणि स्विच पाहावेत. अर्थात कित्येकदा एक बल्ब महिन्यापूर्वीच गेलेला असतो, आपल्या ध्यानात येत नाही, आणि दुसरा गेल्यावर दोन्ही एकदम गेल्याचा भास होतो. एका बाजूचा दिवा पिवळसर, अर्धमेला जळत असेल आणि त्याच बाजूचा इंडिकेटर लावताच त्याच्या तालावर थरथरत असेल, तर अर्थिंग सुटले आहे असे जवळजवळ निश्चित समजावे. वीज परतीची वाट दुसऱ्या बल्बाच्या तारेतून शोधत असते. बल्ब वारंवार उडत असतील तर इंजिन जरा वाढत्या गतीवर ठेवून बॅटरीचा दाब मोजावा. तो १४.८ व्होल्टांच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा नियंत्रक, म्हणजे कटआऊट, बिघडला आहे. दाब पाच टक्क्यांनी वाढला तरी हॅलोजन बल्बाचे आयुष्य निम्म्यावर येते.

उडालेला बल्ब फेकण्याआधी उजेडात धरून पाहावा. आत काळसर-करडा थर असेल तर त्याचे आयुष्य भरले होते. आत पांढरी भुकटी दिसली तर नळीस तडा जाऊन हवा शिरली होती. नळीवर फोडासारखा फुगवटा असेल तर बसवताना कुणाचे तरी बोट लागले होते. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या नळीवर जळतो आणि तिथली नळी मऊ होते. म्हणून हॅलोजन बल्ब धातूच्या बैठकीलाच धरावा, आणि चुकून स्पर्श झाला तर स्पिरिटने पुसून घ्यावा. मागच्या पट्ट्या तपकिरी, जळकट झाल्या असतील तर केवळ बल्ब बदलून भागणार नाही. होल्डर सैल झाला आहे.

काचेचे दुखणे वेगळे. आजकालची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून तिचे रक्षण करणारा वरचा लेप झिजला की ती पिवळी, धुरकट होते. टूथपेस्ट घासण्याचा घरगुती उपाय काही आठवडे दिलासा देतो. ओल्या बारीक पॉलिश पेपरने घासून, चकाकी आणून, त्यावर अतिनीलरोधक लेप दिला तरच काम टिकते. लेप न देता नुसती घासलेली काच पूर्वीपेक्षा लवकर पिवळी पडते. गाडी धुतल्यावर आत बारीक धुके धरले आणि दिवा लावताच विरले तर चिंता नको. थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी साचत असेल, तर मागचे रबरी झाकण पाहावे. बल्ब बदलताना ते काढले जाते आणि बाकावरच विसरते.

याहूनही दुर्लक्षित बाब म्हणजे झोताची दिशा. आपल्या व्यापारी घरांशी तिचा संबंध थेट आहे, म्हणून थोडा विस्तार करतो. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची ७० सेंटिमीटर धरू. साधारणपणे झोत एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे प्रत्येक १० मीटरला १० सेंटिमीटर. अशा झोताची वरची सीमा ७० मीटरवर रस्त्यास टेकते. आता मागच्या डिकीत मालाची पोती, नमुन्यांचे खोके आणि मागच्या बाकावर तिघे, अशी गाडी निघाली. मागचा भाग पाच सेंटिमीटर दबला, पुढचा होता तिथेच राहिला. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २४० सेंटिमीटर असेल तर गाडीचे नाक दोन टक्क्यांहून किंचित अधिक वर झाले. एक टक्का खाली असलेला झोत आता एक टक्का वर गेला. ५० मीटरवर त्याची सीमा रस्त्यापासून २० सेंटिमीटरवर असायला हवी होती, ती १२० सेंटिमीटरच्याही वर पोहोचली. आणि समोरच्या मोटारचालकाचे डोळे नेमके त्याच सुमारास असतात. आपण डिपरवरच आहोत, मग समोरचा का रागावतो, याचे उत्तर डिकीत भरलेले असते. बहुतेक गाड्यांत सुकाणूजवळ शून्य ते तीन आकड्यांची एक चकती किंवा कळ असते. आकडा वाढवला की झोत खाली येतो. ती याच कामासाठी दिलेली आहे, आणि मी पाहिलेल्या दहापैकी नऊ गाड्यांत ती जन्मापासून शून्यावरच असते.

भिंतीवरची तपासणी कोणालाही जमेल. सपाट जागा, चाकांत योग्य हवा, चकती शून्यावर, चालकाच्या जागी एक माणूस. भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी उभी करून, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरची सीमा त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली आडवी दिसावी आणि डाव्या अंगास किंचित वर चढत जावी. काही दिव्यांवर वेगळा टक्का छापलेला असतो. तसे असल्यास तोच प्रमाण मानावा. फरक आढळल्यास दिव्यामागचे स्क्रू फिरवून झोत जागेवर आणता येतो. बंपरला धक्का लागल्यानंतर आणि बल्ब बदलल्यानंतर ही तपासणी न चुकता करावी.

हॅलोजनच्या होल्डरमध्ये एलईडी किंवा झेनॉनचे बल्ब घालण्याविषयी वाचक हमखास विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: घालू नयेत. आरशाची प्रत्येक घडी बल्बातील तारेची जागा आणि आकार धरून कोरलेली असते. त्या जागी चपट्या पट्टीवरचे एलईडी ठिपके आले की आरसा प्रकाश नेईल तिकडे उधळतो. जवळचा रस्ता झगमगतो, त्या झगमगाटाने आपल्याच डोळ्यांची बाहुली आकसते आणि दूरचे दिसेनासे होते. साठी ओलांडलेल्यांचे डोळे दिपल्यानंतर सावरायलाही अधिक वेळ घेतात. मोतीबिंदू असल्यास विचारूच नये. पहाटे रस्त्याच्या कडेने पायी विहार करणारे साधू-साध्वी, शेताकडे निघालेला सायकलस्वार, हे सारे दिपलेल्या चालकाच्या नजरेतून त्याच काही क्षणांत निसटतात. कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ अन्वये पुढील दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा खाली वळवलेला असावा लागतो, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ रोखते. विकणारा पावतीवर यातले काहीच लिहून देत नाही.

कारखान्यातून एलईडी दिव्यासह आलेल्या गाडीचा दिवा बिघडल्यास बहुधा संपूर्ण दिवाच बदलावा लागतो आणि त्याचा खर्च हजारांत जातो. म्हणून वॉरंटीची मुदत संपण्याच्या महिनाभर आधी एका रात्री चारही झोत आणि काचेतील ओल तपासून घ्यावी. एच-४ किंवा एच-७ च्या गाडीत मात्र एक सुटा बल्ब आणि दोन फ्यूज नेहमी सोबत असू द्यावेत. बल्ब शक्यतो जोडीने बदलावेत, म्हणजे दोन्हीकडचा उजेड सारखा पडतो. आणि जोडीतला जो अजून जळतो आहे तो टाकून न देता, नव्याच्या वेष्टनात घालून, वर तारीख लिहून पुढच्या कप्प्यात ठेवावा.